हिशेब न दाखवता हरकत कशी मागता? महानगरपालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका

विषय: मालमत्ता कराच्या फेरआकारणीच्या नोटिशीसोबत मोजमापाचे व हिशेबाचे पत्रक देण्याबाबत, आणि असे पत्रक न देता निकाली काढलेल्या हरकती पुन्हा तपासण्याबाबत.

महोदय,

आपल्या शहरातील मालमत्तांच्या फेरआकारणीच्या विशेष नोटिसा सध्या घरोघरी पोहोचत आहेत आणि त्यांवरील हरकतींच्या सुनावण्याही प्रभागनिहाय सुरू आहेत. मी शहराच्या जुन्या भागातील एका दुमजली घराची मालक आहे. शासनाच्या बांधकाम खात्यात आरेखक म्हणून माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे नकाशा, मोजमाप आणि क्षेत्रफळ हे माझ्या रोजच्या कामाचे विषय होते. माझ्या स्वतःच्या हरकतीचा पत्रव्यवहार आपल्या कर आकारणी व कर संकलन विभागाशी स्वतंत्रपणे चालू आहे. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, माझ्या एका घराची नोंद दुरुस्त झाली तरी ज्या पद्धतीमुळे ती नोंद चुकली आणि ज्या पद्धतीमुळे ती चूक मला वेळेत दाखवता आली नाही, ती पद्धत पुढच्या प्रभागातही तशीच राहणार आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. घरपट्टी वाढू नये अशी माझी मागणी नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर बहुतांश व्यापाऱ्यांसाठी १ ऑगस्ट २०१५ पासून बंद झाला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि तेव्हापासून महानगरपालिकांना राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईच्या रकमेकडे डोळे लावून बसावे लागते. स्वतःच्या हक्काचे म्हणावे असे मोठे उत्पन्न आता मालमत्ता कराचेच उरले आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ या काळातील शहरी अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि करवसुलीत राज्याच्या सकल उत्पादनातील वाढीला साजेशी वाढ दाखवण्याची अट घातली होती. जलवाहिन्या, गटारे, दिवे, कचऱ्याच्या गाड्या आणि शाळा या पैशावर चालतात, हे मी जाणते. ज्या इमारतींची नोंदच नाही त्या नोंदल्या जाव्यात, वाढीव बांधकामावर कर लागावा आणि वर्षानुवर्षे न बदललेली मूल्ये तपासली जावीत, याला माझा पाठिंबा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, नागरिकाच्या घराचे मूल्य कोणत्या मोजमापावरून, कोणत्या दराने आणि कोणत्या वर्गवारीने ठरवले हे त्याला हरकतीची मुदत संपण्याआधी, न मागता आणि लेखी कळले पाहिजे.

आता नोटिशीत प्रत्यक्षात काय असते ते पाहू. मालमत्ता क्रमांक, मालकाचे नाव, जुने करयोग्य मूल्य, प्रस्तावित करयोग्य मूल्य आणि हरकत घेण्याची मुदत, एवढाच मजकूर त्या कागदावर छापलेला आहे. क्षेत्रफळ नाही, दर नाही, बांधकामाचा प्रकार नाही, बांधकामाचे वर्ष नाही, वापर निवासी धरला की बिगरनिवासी याचाही उल्लेख नाही. नोटिशीची मागची बाजू कोरी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूची 'ड' मधील आठव्या प्रकरणात कराधान नियम आहेत आणि त्यांतील नियम ७ करयोग्य मूल्य कसे काढायचे ते सांगतो. इमारत वर्षभरासाठी भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे वार्षिक भाडे अपेक्षित धरता येईल, त्यातून दुरुस्ती इत्यादींपोटी दहा टक्के वजा करून उरते ते करयोग्य मूल्य. व्यवहारात आपला विभाग क्षेत्रफळाला दर चौरस मीटरच्या मासिक भाडेदराने गुणतो, त्याला बाराने गुणतो आणि आलेल्या रकमेतून दहा टक्के वजा करतो. म्हणजे नोटिशीतला आकडा हा तीन पायऱ्यांच्या साध्या गणिताचे उत्तर आहे. ते गणित आपल्या संगणकात आहे, सर्वेक्षण करणाऱ्या एजन्सीकडे आहे, आणि ज्याला ते पैसे भरायचे आहेत तेवढ्याच माणसाच्या हातात ते नाही.

करांचे टक्के ठरवण्याचा अधिकार महासभेचा आणि प्रत्येक मालमत्तेचे मूल्य ठरवण्याचा अधिकार आयुक्तांचा, अशी कायद्याची रचना आहे. टक्क्यांवर सभागृहात चर्चा होऊ शकते, वर्तमानपत्रांत लिहून येते, नगरसेवकाला जाब विचारता येतो. एका घराच्या मूल्यावर कोणत्याही सभागृहात चर्चा होत नाही. त्या मूल्याची चर्चा होण्याची जागा म्हणजे हरकत आणि तिची सुनावणी, आणि म्हणूनच कायद्याने या टप्प्याची इतकी तपशीलवार आखणी केली आहे. नियम १५ प्रमाणे हरकतींसाठी किमान एकवीस दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते, आणि ज्याची मालमत्ता पहिल्यांदा नोंदली जात आहे किंवा ज्याचे मूल्य वाढले आहे त्याला त्या नोंदीचे स्वरूप सांगणारी विशेष लेखी नोटीस द्यावी लागते. नोंदीचे स्वरूप सांगणे म्हणजे केवळ तिचे उत्तर सांगणे असा अर्थ कोणी करत असेल, तर त्याने पुढचा नियम वाचावा. नियम १६ नागरिकाकडून अशी अपेक्षा करतो की, त्याने मूल्यांकनाविरुद्धची आपली कारणे अर्जात थोडक्यात पण पूर्णपणे मांडावीत. ज्याला आपल्या घराचे किती क्षेत्रफळ धरले हेच ठाऊक नाही, त्याने कारणे पूर्णपणे मांडायची कशी? तो बिचारा 'आकारणी जास्त वाटते, कृपया कमी करावी' असे लिहितो, आणि सुनावणीत त्याला सांगितले जाते की अर्जात ठोस कारण दिलेले नाही.

माझ्याच घराचे उदाहरण सविस्तर देते, कारण त्याचे आकडे मी स्वतः टेपने मोजलेले आहेत आणि ते मंजूर नकाशाशी जुळतात. तळमजला बाहेरून साडेसहा मीटर बाय आठ मीटर, म्हणजे ५२ चौरस मीटर. वरच्या मजल्यावरची खोली आणि जिना मिळून साडेसहा बाय सहा, म्हणजे ३९ चौरस मीटर, आणि उरलेली दोन मीटर रुंदीची गच्ची तिन्ही बाजूंनी उघडी असून पावसासाठी तिच्यावर फक्त पत्रा टाकलेला आहे. एकूण बांधकाम ९१ चौरस मीटर. नोटिशीत करयोग्य मूल्य ३१,२९७ रुपये दाखवले होते आणि बाकी काहीही नव्हते. पुढे माहितीच्या अधिकारात पत्रक हाती आले तेव्हा त्यात क्षेत्रफळ १३१.७२ चौरस मीटर आणि मासिक दर २२ रुपये असल्याचे दिसले. हे १३१.७२ कोठून आले? घराच्या चारही बाजूंना भिंतीबाहेर दीड फुटाचा, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरचा छज्जा आहे. साडेसहाचे ७.४ होतात आणि आठचे ८.९ होतात. या दोन लांब्यांचा गुणाकार ६५.८६, आणि त्याची दुप्पट १३१.७२. ड्रोनने वरून घेतलेल्या छायाचित्रात छपराची जी कड दिसली तीच भिंत धरली गेली, आणि छप्पर सलग दिसते म्हणून खालचे दोन्ही मजले पूर्ण बांधलेले धरले गेले. छज्ज्याखालच्या पावसाच्या पागोळ्यांवर आणि उघड्या गच्चीवर अशा रीतीने राहत्या खोलीचा कर लागला.

खऱ्या क्षेत्रफळाने, आपल्याच विभागाच्या दराने आणि आपल्याच पद्धतीने हिशेब केला तर ९१ गुणिले २२ गुणिले १२, म्हणजे २४,०२४ रुपये, आणि दहा टक्के वजा जाता २१,६२२ रुपये करयोग्य मूल्य येते. फरक ९,६७५ रुपयांचा आहे, म्हणजे मूल्य सुमारे ४५ टक्क्यांनी फुगलेले आहे. या मूल्यावर सर्वसाधारण कर, पाणीपट्टीचा लाभ कर, मलनिस्सारण, वृक्ष, शिक्षण असे सगळे कर टक्केवारीने बसतात, त्यामुळे मुळातली एक चूक बिलाच्या प्रत्येक ओळीत उतरते आणि पुढची फेरआकारणी होईपर्यंत दरवर्षी पुन्हा उतरत राहते. दराबद्दल माझा आक्षेप नाही. गणितही बरोबर आहे. मोजमाप चुकले आहे, आणि ते पत्रक नोटिशीसोबत मिळाले असते तर ही चूक मी एका पानात, आकृतीसह दाखवली असती व आपल्या अधिकाऱ्याला ती पाच मिनिटांत पटली असती.

हवाई सर्वेक्षणाची मर्यादा कोणत्याही आरेखकाला सांगता येते. वरून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. कौलारू घरांत वळचणी भिंतीच्या बाहेर दूरवर आलेल्या असतात आणि जिथे पाऊस जास्त तिथे त्या अधिकच पुढे काढतात. म्हणून हवाई चित्रावरून काढलेली आकृती प्रत्यक्ष घरी जाऊन टेपने पडताळायची असते, आणि तसे केल्याची नोंद, तारखेसह व घरातल्या व्यक्तीच्या सहीसह, पत्रकावर असायला हवी. माझ्या पत्रकावर पडताळणीचा रकाना आहे. तो रिकामा आहे.

चुका क्षेत्रफळापुरत्या नाहीत. आमच्या गल्लीतील एका जुन्या वाड्याच्या भिंती मातीच्या व पांढरीच्या आहेत, पण पुढच्या बाजूला अलीकडे गिलावा आणि रंग केलेला असल्याने त्याची नोंद आरसीसी बांधकाम अशी झाली. बांधकामाचा प्रकार बदलला की दर बदलतो, आणि बांधकामाचे वर्ष चुकले की जुन्या इमारतीला मिळणारी घटही जाते. एका बाई संध्याकाळी पुढच्या खोलीत शेजारची मुले शिकवतात. दारावरची लहानशी पाटी पाहून ती खोली बिगरनिवासी ठरली. दुसऱ्या एका घरात लेक आणि जावई राहतात. दारावर दोन आडनावे दिसली म्हणून वरचा मजला भाडेकरूच्या ताब्यात असल्याची नोंद झाली. यांपैकी काही नोंदींवर मतभेद होऊ शकतात हे मी मान्य करते. शिकवणीची खोली निवासी धरावी की नाही, याचे उत्तर दोन बाजूंनी देता येईल. पण वाद घालण्यासाठी आधी नोंद दिसायला हवी, आणि या तिन्ही घरांतील माणसांना आपली नोंद काय झाली आहे हे सुनावणीच्या टेबलापाशी पोहोचेपर्यंत ठाऊक नव्हते.

त्या सुनावणीबद्दलही लिहिणे भाग आहे. नियम १८ म्हणतो की, ठरलेल्या वेळी व ठिकाणी तक्रारदार हजर असल्यास त्याच्या समक्ष तक्रारीची चौकशी करून ती निकाली काढावी आणि निकालाची नोंद तक्रारींच्या पुस्तकात करावी. या वाक्यातला भर चौकशीवर आहे. प्रत्यक्षात प्रभाग कार्यालयाच्या सभागृहात एकाच वेळेला अनेक लोकांना बोलावले जाते, ज्येष्ठ नागरिक जिन्यापर्यंत उभे असतात, आणि नंबर आल्यावर टेबलावरच्या अधिकाऱ्यासमोर त्या मालमत्तेचे पत्रकच नसते. मी माझे मोजमाप आणि मंजूर नकाशाची प्रत पुढे केली, आणि आपल्याकडचे मोजमाप दाखवावे अशी विनंती केली, तेव्हा ते एजन्सीकडे असल्याचे सांगण्यात आले. निकाल म्हणून हाती आलेल्या कागदावर 'हरकत अमान्य, आकारणी कायम' एवढीच ओळ होती. माझा नकाशा पाहिला की नाही, पाहिला असल्यास तो का स्वीकारला नाही, याबद्दल एक शब्दही त्यात नाही. टेबलामागच्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. एका दिवशी इतक्या हरकती संपवण्याचे काम ज्यांच्यावर टाकले आहे आणि ज्यांच्या हाती कागद दिलेले नाहीत, ते याहून वेगळे काय करणार? ही व्यवस्था ठरवणाऱ्यांनी तिचा विचार करायचा आहे, आणि अधिनियमाने हा अधिकार मुळात आपल्याला दिलेला असून तो आपण खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवलेला आहे.

कोणी म्हणेल की, सुनावणीने समाधान झाले नाही तर न्यायालय आहे. न्यायालय आहे हे खरे. अधिनियमाच्या कलम ४०६ प्रमाणे न्यायाधीशाकडे अपील करता येते. त्यासाठी आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली व ती निकाली निघालेली असावी लागते, तक्रार निकाली निघाल्यापासून पंधरा दिवसांत अपील दाखल करावे लागते, आणि मागणी केलेली कराची रक्कम महानगरपालिकेकडे जमा करावी लागते. आता माझ्यासारख्या माणसाचा हिशेब पाहा. वर्षाला काही हजारांच्या फरकासाठी वकील करायचा, पूर्ण मागणी आधी भरायची आणि तारखा सांभाळायच्या, हे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्याला शक्य होत नाही. आपल्यापुढची सुनावणी हीच बहुतेक घरमालकांची पहिली आणि अखेरची सुनावणी असते. त्यातही पंधरा दिवस मोजायचे ते निकालाच्या तारखेपासून, आणि निकालाचा कागद टपालाने उशिरा आला किंवा त्यावर तारीखच नसली तर अपिलाची वाट न चालताच बंद होते. वेळेत अपील केले नाही तर मूल्य अंतिम ठरते, मग ते बरोबर असो वा चूक.

माहितीच्या अधिकाराचा मार्ग मी वापरला आणि इतरांनाही तो वापरण्यास सांगते. पण या कामासाठी तो पुरेसा नाही, आणि का पुरेसा नाही हे तारखाच सांगतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे उत्तरासाठी तीस दिवस असतात. हरकतीची मुदत त्याआधीच संपते. म्हणजे नोटीस मिळाली त्याच दिवशी अर्ज केला आणि विभागाने कायद्याच्या मुदतीत प्रामाणिकपणे उत्तर दिले, तरी ते उत्तर हरकतीच्या अर्जात वापरता येत नाही. शिवाय त्याच अधिनियमाचे कलम ४ सांगते की, प्रशासकीय किंवा न्यायिकवत निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना प्राधिकरणाने स्वतःहून द्यावीत. घराचे मूल्य वाढवणे हा असाच निर्णय आहे आणि त्या घराचा मालक ही त्याची बाधित व्यक्ती आहे. आकारणी पुस्तकातील आपल्या मालमत्तेची नोंद मालकाला किंवा भोगवटादाराला विनाशुल्क पाहण्याची व उतरवून घेण्याची मुभा तर कराधान नियमांतच आहे. ज्या काळात सगळे आकडे हाताने मोठ्या वह्यांत लिहिले जात, त्या काळातल्या कायदेकर्त्यांना जी गोष्ट आवश्यक वाटली, ती आज एका क्लिकवर छापता येत असताना नाकारली जावी हे मला पटत नाही.

घराचे मूल्य ठरवताना प्रशासनाला मोकळे रान नसते, हे न्यायालयांनीही वेळोवेळी सांगितले आहे. दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, वाजवी अपेक्षित भाडे धरताना भाडे नियंत्रण कायद्यातील प्रमाणित भाड्याची मर्यादा ओलांडता येत नाही, आणि मालक स्वतः त्या घरात राहत असला तरी ही मर्यादा लागू असते. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे आणि तिथली पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे, पण तिथल्या वादातून निघालेले तत्त्व आपल्यालाही उपयोगी आहे. मुंबई महानगरपालिकेच्या २०१० आणि २०१५ च्या भांडवली मूल्य नियमांतील २०, २१ व २२ हे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुढे कधी तरी किती बांधता येईल त्या शक्यतेवर आज कर लावता येत नाही, मालमत्ता आज जशी आहे तशीच तिचे मूल्य धरावे लागते, हा त्या वादाचा गाभा होता. माझ्या गच्चीवर उद्या खोली बांधता येईल. आज तिथे खोली नाही.

स्वतः राहणाऱ्या घरमालकाला मिळणाऱ्या सवलतीचेही असेच आहे. पुण्यात १९७० पासून चालत आलेली चाळीस टक्क्यांची सवलत मध्यंतरी थांबली आणि मंत्रिमंडळाच्या निर्णयाने २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा अनेक घरमालकांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण खरोखर त्या घरात राहतो हे सिद्ध करावे लागले. त्या सगळ्या गोंधळातून एवढे तरी शिकता येते की, आपली नोंद 'स्वतः वापर' अशी आहे की 'भाडेकरू' अशी आहे हे बिलावरच ठळक छापलेले असावे. आपल्या शहरात ते कच्च्या बिलावरही नाही आणि पक्क्या बिलावरही नाही.

म्हणून माझी आपल्याकडे पहिली आणि मुख्य मागणी अशी आहे की, यापुढे वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक विशेष नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या मालमत्तेचे आकारणी पत्रक छापावे. त्यात मजलानिहाय लांबी, रुंदी व क्षेत्रफळ, क्षेत्रफळ चटईचे आहे की बांधीव, बांधकामाचा प्रकार व वर्ष, वापर, भोगवटा, लावलेला दर, दहा टक्क्यांची वजावट आणि अंतिम मूल्य एवढे असावे, शेजारी एक लहान आकृती असावी, आणि प्रत्यक्ष पडताळणी कोणी व कोणत्या दिवशी केली ते लिहिलेले असावे. यासाठी नवे सर्वेक्षण लागत नाही आणि नवा कागदही लागत नाही. कर भरण्यासाठी बिलावर क्यूआर कोड छापण्याची सोय विभागाने केलीच आहे, तशीच पत्रक पाहण्यासाठीही करता येईल. मात्र केवळ तेवढ्यावर थांबू नये, कारण या नोटिसा ज्या घरांत जातात त्यांतील कित्येक घरांत मोबाइल वापरू न शकणारी वयस्कर माणसे एकटी राहतात. पत्रक मिळाल्यापासूनच हरकतीची मुदत मोजावी. सुनावणी वेळ विभागून द्यावी, अधिकाऱ्यापुढे ते पत्रक असावे, आणि मोजमापाचा वाद असेल तिथे निकालाआधी मालकाच्या समक्ष टेपने मोजणी व्हावी. निकाल सकारण असावा, त्यावर तारीख असावी आणि कलम ४०६ खाली अपील कोठे व किती दिवसांत करायचे हे त्याच कागदावर मराठीत छापावे.

दुसरी मागणी ज्यांच्या हरकती आधीच निकाली निघाल्या त्यांच्यासाठी आहे. कराधान नियमांतील नियम २० प्रमाणे, एखाद्या मालमत्तेचे मूल्य चुकीने ठरले असेल तर चालू अधिकृत वर्षात संबंधिताच्या निवेदनावरून आकारणी पुस्तकात दुरुस्ती करण्याचा अधिकार आपल्याला आहे. अपिलाची मुदत गेली म्हणून आपले हात बांधलेले नाहीत. पत्रक न देता ज्या प्रभागांतील सुनावण्या पार पडल्या, त्या सर्व प्रभागांतील नागरिकांना आता पत्रक पाठवून मोजमाप, वर्गवारी किंवा भोगवट्यातील चूक दाखवण्याची संधी या नियमाखाली द्यावी, आणि ती ३१ मार्चपूर्वी द्यावी, कारण वर्ष संपले की हा मार्गही अरुंद होतो. हाच नियम उलट बाजूनेही लागू आहे. अशी दुरुस्ती चालू अधिकृत वर्षापुरती असताना, काही घरांना वाढीव मूल्याने मागील वर्षांचा फरकही बिलात लावून पाठवलेला आहे. तो कोणत्या तरतुदीखाली लावला हे त्या बिलावर लिहावे, आणि तरतूद नसेल तर ती मागणी रद्द करावी.

शास्तीबद्दल एवढेच की, थकीत करावर दरमहा दोन टक्के शास्ती बसते आणि वर्षभरात ती लहान रक्कम राहत नाही. ज्यांनी जुन्या मूल्याप्रमाणे पूर्ण कर भरला आहे आणि ज्यांची हरकत प्रलंबित आहे, त्यांच्याकडून वादातील फरकावर शास्ती घेऊ नये. हरकत कायम ठेवून रक्कम भरू इच्छिणाऱ्यांना तशी नोंद असलेली पावती मिळावी. सध्या भरणा केंद्रावर अशी पावती देण्याची सोय नाही, आणि भरले म्हणजे मान्य केले असा अर्थ लावला जाईल या भीतीने लोक पैसे हातात असूनही भरत नाहीत. त्यात त्यांचेही नुकसान आहे आणि महानगरपालिकेचेही.

पत्रके उघडी केली तर विभागाला आणखी एक फायदा होईल, आणि तो मी मुद्दाम नोंदवते. हवाई चित्रात जसे छज्जे वाढतात तसे तळघर दिसत नाही, एकाच छपराखालचा तिसरा मजला दिसत नाही, निवासी नोंद असलेल्या घरात चालणारे गोदाम दिसत नाही. कमी नोंदलेल्या अशा मालमत्ता प्रत्यक्ष पडताळणीतच सापडतात. ज्यांचे क्षेत्रफळ खरोखर वाढले आहे त्यांच्याकडून पूर्ण कर घ्यावा, हे मी माझ्या शेजाऱ्यांसमोरही बोलते आणि आपल्यापुढेही लिहिते. माझे क्षेत्रफळ ९१ चौरस मीटरपेक्षा एक मीटर जास्त निघाले तर त्या मीटरचा कर मी भरेन.

पुढील प्रभागाच्या नोटिसा छपाईला जाण्यापूर्वी या मागण्यांवर निर्णय घ्यावा आणि तो जाहीर करावा, ही विनंती. माझ्या घराची मंजूर नकाशाप्रत, माझे मोजमाप आणि विभागाने दिलेले पत्रक या तिन्ही गोष्टी माझ्या प्रलंबित अर्जासोबत जोडलेल्या आहेत, आणि आपला कोणताही अधिकारी टेप घेऊन कधीही आला तर घराचे दार उघडे आहे.

कळावे.

आपली,
या शहरातील एक घरमालक व करदाती नागरिक